विनातारण छोटी कर्जे: धोका किती घ्यायचा हे अध्यक्ष ठरवतात की समोरची बँक?

खातेवही
नमस्कार मंडळी. गोव्यातल्या एका नागरी सहकारी बँकेपुढे आलेला प्रस्ताव इथे मांडते. नाव नको, कारण प्रश्न कुठल्याही लहान बँकेचा असू शकतो. ठेवी सुमारे ४०० कोटी, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या वर्गवारीत टियर २. शाखा बहुतेक बाजारपेठेच्या गावांत, दोन मात्र आतल्या तालुक्यांत.

नव्या अध्यक्षांचा प्रस्ताव असा: मासळी विकणाऱ्या बायका, पदेर (पाववाले), फुलकार, गाडेवाले, चवथीच्या दिवसांत करंज्या-नेवऱ्या करून विकणाऱ्या महिला, अशा ३०० जणांना प्रत्येकी ५०,००० रुपये. तारण नाही, मुदत २४ महिने, व्याज १२ टक्के. एकूण दीड कोटी.

एका संचालकांचे म्हणणे, ही बँक आहे, देवस्थानची फंडपेटी नव्हे. दुसरे म्हणतात, त्याच बाजारात दोन सरकारी बँका, दोन बहुराज्यीय सहकारी बँका, एक मायक्रोफायनान्स कंपनी आणि चार पतसंस्था आहेत. आपण माणूस उभा करायचा आणि दुसऱ्या कर्जाला तो समोरच्या दारात जायचा. मुख्य कार्यकारी अधिकारी म्हणतात, मंडळ सांगेल तसे.

प्रश्न दोन. आजूबाजूला स्पर्धा असली की बँकेने असा सामाजिक धोका जास्त घ्यावा की कमी? आणि अध्यक्ष उत्साही आहेत म्हणून योजना येणार, उद्या ते गेले की बंद पडणार, हे टाळण्यासाठी कागदावर नेमके काय बांधून घ्यायचे?

आकडेमोड
आधी एका कर्जाचा हिशेब मांडा. तो नसेल तर धाडस की धर्मादाय हा वाद रात्रभर चालेल. खालचे आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या बँकेचे तुम्ही घाला.

पहिले कर्ज ५०,०००, २४ समान मुद्दल हप्ते. सरासरी येणे बाकी २६,०४२ रुपये. १२ टक्क्यांनी दोन वर्षांचे व्याज ६,२५०. ठेवींचा खर्च साडेसहा टक्के धरला तर ३,३८५. वसुली, नोंदी, फेऱ्या यांचा खर्च महिना १०० रुपये म्हणजे २,४००. शंभरात ४ कर्जे बुडाली आणि प्रत्येकात ३०,००० अडकले तर दर कर्जामागे १,२०० रुपयांचा भार. बेरीज ६,९८५. म्हणजे दर कर्जामागे ७३५ रुपये तोटा, ३०० कर्जांवर २ लाख २० हजार.

तुमच्या सामाजिक कामाची किंमत ती एवढी. फंडपेटी म्हणण्याइतकी मोठी नाही, पण शून्यही नाही.

आता दुसरे कर्ज बघा. त्याच माणसाला दीड लाख, ३६ महिने, १२ टक्के. सरासरी बाकी ७७,०८३. व्याज २७,७५०. ठेवींचा खर्च १५,०३१, वसुलीखर्च ३,६००. आता माणूस ओळखीचा, म्हणून शंभरात २ बुडीत, प्रत्येकी ९०,००० अडकले, तर भार १,८००. उरले ७,३१९. म्हणजे पहिल्या शंभरातले दहा जण जरी दुसऱ्या कर्जाला तुमच्याकडे आले तरी पहिल्याचा तोटा जवळजवळ भरून निघतो.

स्पर्धा नेमकी इथे हात घालते, पहिल्या कर्जावर नाही. पहिले कर्ज कुणालाच नको असते. दोन वर्षे हप्ते चोख भरलेला माणूस सिबिलवर दिसायला लागला की मग सगळ्यांना हवा असतो. समोरची बँक त्याला १० टक्क्यांनी देते, म्हणून तुम्हीही १० वर आलात. दुसऱ्या कर्जाचे व्याज झाले २३,१२५, उरले २,६९४. आता दहा नव्हे, सत्तावीस-अठ्ठावीस जण परत यावे लागतात. आणि खरे दुखणे पुढेच. जातात ते चांगले आणि राहतात ते ज्यांना दुसरीकडे कुणी विचारत नाही. त्यामुळे तुमच्याकडच्या दुसऱ्या कर्जांत बुडीत २ वरून ५ वर गेले तर भार ४,५०० होतो आणि शिल्लक उरते उणे ६ रुपये. मग कितीही लोक परत आले तरी पहिल्याचा तोटा भरत नाही.

मिचेल पीटरसन आणि रघुराम राजन यांनी १९९५ साली अमेरिकेतल्या छोट्या धंद्यांच्या कर्जांवरून हेच दाखवले होते: बँका थोड्या असलेल्या बाजारात नव्या धंद्याला कर्ज लवकर मिळते, कारण आज सोसलेले उद्या वसूल होईल याची बँकेला खात्री असते. म्हणून दुसऱ्या संचालकांचा मुद्दा अर्धा बरोबर आहे. स्पर्धेमुळे धोका घेऊ नये असे नाही, स्पर्धेत दुसरे कर्ज हातून जाऊ नये याची सोय पहिल्याच दिवशी करायला हवी.

गोव्याची एक खोडही लक्षात घ्या. इथे ठेवींची कमतरता नाही. परदेशातून येणारा पैसा, निवृत्तीचा पैसा, जमीन विकून आलेला पैसा बँकांत पडून असतो आणि कर्ज-ठेव प्रमाण वर्षानुवर्षे कमी. ज्या जिल्ह्यांत ते ४० टक्क्यांखाली असते तिथे जिल्हा समितीने खास उपसमिती नेमावी असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. क्षेत्रीय ग्रामीण बँकही गोव्यात नाही. त्यामुळे शेतकरी-गाडेवाल्याच्या पहिल्या कर्जासाठी दारे थोडी आणि चांगल्या कर्जदारावर मात्र सगळे तुटून पडलेले. ‘इतक्या बँका असताना आपण का’ हा प्रश्न पहिल्या कर्जाच्या बाबतीत इथे लागूच होत नाही.

मिनिटबुक
वरचा हिशेब उत्तम. आता मंडळाकडे वळू, कारण अशा योजना बाजार फार क्वचित बुडवतो, बैठकीची खोली बुडवते.

अध्यक्षांनी मर्यादा ठरवावी, नावे ठरवू नयेत. एवढे एक पाळले तर निम्मे प्रश्न उरत नाहीत. मंडळाने ठरावात घालायच्या गोष्टी अशा: एकूण रक्कम, एका माणसाची कमाल, पात्रता, कुठल्या शाखांत, आणि थांबायचे कधी. मंजुरी शाखाधिकारी आणि मुख्यालयातला एक कर्ज अधिकारी अशा दोघांच्या सहीने. अध्यक्षांकडून, संचालकाकडून, त्यांच्या पीएकडून शिफारशीची चिठ्ठी आली तर ती अर्जाच्या फाइलला जोडायची, फेकायची नाही. वर्षाअखेर चिठ्ठीची कर्जे आणि बिनचिठ्ठीची कर्जे यांची थकबाकी वेगळी काढून मंडळापुढे ठेवा. चिठ्ठ्या आपोआप कमी होतात.

१०० कोटींवर ठेवी असलेल्या नागरी बँकेला संचालक मंडळाशिवाय व्यवस्थापन मंडळही लागते, रिझर्व्ह बँकेच्या ३१ डिसेंबर २०१९ च्या परिपत्रकापासून. किमान ५, जास्तीत जास्त १२ सदस्य. बऱ्याच ठिकाणी हे मंडळ चहापुरते बसते. अशा योजनेची तपासणी त्यांच्याकडेच द्या, कारण तिथे बँकिंग, कायदा, हिशेब जाणणारी माणसे असावीत अशी अपेक्षा आहे आणि त्यांना वॉर्डात मते मागायची नसतात.

मतांवरून आठवले. शॉन कोल यांचा २००९ चा अभ्यास आहे: निवडणुकीच्या वर्षात भारतातल्या सरकारी बँकांची शेतीकर्जे ५ ते १० टक्क्यांच्या बिंदूंनी वाढतात. सहकारी बँकेत तर कर्जदार हाच सभासद आणि सभासद हाच मतदार. संचालकांना, त्यांच्या नातेवाइकांना आणि त्यांच्या फर्मना कर्ज देणे १ ऑक्टोबर २००३ पासून बंद आहे, पण आपल्या पॅनेलच्या माणसांना ते कुणी बंद केलेले नाही. म्हणून ठरावात लिहा: मंडळाच्या निवडणुकीआधीच्या सहा महिन्यांत या योजनेतली मासिक मंजुरी आधीच्या बारा महिन्यांच्या सरासरीपेक्षा वर जाणार नाही.

आता मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांचे ‘मंडळ सांगेल तसे’. हे उत्तर इतिवृत्तात तसेच नोंदवून पुढच्या बैठकीला लेखी अभिप्राय मागा: योजना हो किंवा नाही, किती रकमेपर्यंत, कुठल्या शाखांत नको. त्यांची नेमणूक रिझर्व्ह बँकेच्या पूर्वमान्यतेने होते. गप्प राहून ते मोकळे होत नाहीत.

पण अध्यक्षांच्या हातात खरी किल्ली वेगळीच आहे, आणि तिच्याकडे कुणी बघत नाही: शाखाधिकाऱ्याची भीती. विनातारण कर्ज थकले की चौकशी कुणाची? सही करणाऱ्याची. न दिलेल्या कर्जाबद्दल कुणालाही कधी मेमो येत नाही. मग वरून ३०० चे लक्ष्य आले की शाखाधिकारी काय करतो? कागद बायकोच्या नावाचा, पगार नवऱ्याचा. अर्जावर ‘घरगुती खाद्यपदार्थ’, घरात सरकारी नोकरी. लक्ष्य पूर्ण, थकबाकी शून्य, अध्यक्षांचा फोटो पेपरात, आणि मासळीबाजारातली एकही बाई यादीत नाही. यावर उपाय लेखी हमी: अमुक सात तपासण्या केलेल्या असतील आणि त्यांच्या नोंदी फाइलमध्ये असतील तर थकलेल्या कर्जाबद्दल शाखाधिकाऱ्याला विचारणा होणार नाही. सातातली एक जरी राहिली असेल तर होईल. ही हमी मंडळाच्या ठरावाने द्या, अध्यक्षांच्या तोंडी शब्दाने नको.

निधीचे म्हणाल तर वर हिशेब आहेच. वाईट धरून चाला: बुडीत शंभरात ८ आणि दुसऱ्या कर्जाला कुणीच आले नाही. तोटा दर कर्जामागे १,९३५, तीनशेंवर ५.८ लाख. वार्षिक सभेत नफ्यातून ६ लाखांचा वेगळा निधी मंजूर करून घ्या आणि नियम करा की निधी निम्मा संपला की नवी मंजुरी बंद. एनपीएची (थकीत खात्यांची) नेहमीची तरतूद करावी लागतेच, हा निधी तिच्या जागी चालत नाही. निधी सभासदांनी मंजूर केला की योजना अध्यक्षांची राहत नाही, सभेची होते. पुढचा अध्यक्ष ती बंद करायला निघाला तर त्याला सभेपुढे कारण द्यावे लागेल. संचालकांना सलग राहण्याची मुदत ऑगस्ट २०२५ पासून ८ ची १० वर्षे झाली आहे, अध्यक्ष त्यातून वगळलेले. म्हणजे एकच माणूस फार वर्षे योजनेवर बसून राहण्याचाही धोका आहे, नुसता जाण्याचा नाही.

थांबण्याची खूण: शाखेतल्या या कर्जांपैकी ३० दिवसांहून जुनी थकबाकी असलेली रक्कम ५ टक्क्यांवर गेली की त्या शाखेत नवे कर्ज बंद, बाकी शाखा चालू. आणि नवं-जुनं अजिबात नाही. थकलेल्याला मोठे कर्ज देऊन जुने भरून घ्यायचे, ही सवय लागली की वरचे सगळे आकडे खोटे होतात.

काटकसर
एवढा खटाटोप कशाला? बचतगट जोडणी १९९२ पासून चालू आहे. सहा महिने नीट चाललेला गट घ्या, बचतनिधीच्या ६ पट किंवा किमान दीड लाख पहिल्या वर्षी द्या, वसुली गटाच्या गळ्यात. धंद्यासाठीच्या कर्जाला मुद्रा आहेच, त्यावर हमी निधीचे संरक्षण मिळते. स्वतःच्या नफ्यातून निधी वगैरे काढायची गरज काय?

मिनिटबुक
काटकसर, गट हा पर्याय आहेच, पण पदेर आणि फुलकार पुरुष गटात येत नाहीत, आणि मासळी विकणारी बाई दुपारी दोनपर्यंत बाजारात असते, गटाची बैठक तिला जमेलच असे नाही. गटांच्या पंचसूत्रीतली (पाच नियमांतली) बैठक आणि हिशेब ही दोन सूत्रे ढिली पडलेले गट बघितले तर ‘वसुली गटाच्या गळ्यात’ हे म्हणणे सोपे वाटणार नाही.

हमीबद्दल: आधी बँक त्या योजनेची सदस्य संस्था आहे का बघा. नसेल तर पुढचे बोलणे थांबते. मुद्राचा हमी निधी वेगळा, पण लघुउद्योगांच्या कर्जांना हमी देणाऱ्या सीजीटीएमएसईखाली दावा करायला १८ महिन्यांची अट आहे, आणि हमी रकमेच्या ७५ टक्के आधी मिळतात, उरलेले वसुली संपल्यावर. दावे कशामुळे अडकतात? वार्षिक शुल्क भरायचे राहून जाते, नाहीतर खाते एनपीए झाल्याची नोंद पोर्टलवर मुदतीत होत नाही. ५०,००० च्या कर्जामागे हा कागदव्याप धरला की महिन्याला १०० रुपयांत ते बसत नाही. दीड लाखाच्या दुसऱ्या कर्जासाठी मात्र विचार करावा.

शाखा क्रमांक सात
स्पर्धा म्हणताना सगळे बँकाच मोजताहेत. गोव्यात शाखेला खरा त्रास पतसंस्थेचा आणि पिग्मीचा (एजंट रोज गोळा करतो त्या ठेवीचा) होतो.

पतसंस्थेचे कर्ज बहुधा सिबिलमध्ये दिसत नाही. अहवालात स्कोअर ७६०, आणि बाईच्या नावावर दोन पतसंस्थांत मिळून ९०,००० रुपये. बँकांना जानेवारी २०२५ पासून किमान पंधरवड्याला माहिती पाठवावी लागते, त्यामुळे बँकेचे आणि मायक्रोफायनान्सचे चित्र बरेच ताजे असते. म्हणून अहवाल दोनदा काढा, अर्जाच्या दिवशी आणि रक्कम देण्याच्या आदल्या दिवशी. या दोन तारखांच्या मधे दुसरीकडून कर्ज उचलणे हा नेहमीचा प्रकार आहे. पतसंस्थेसाठी एकच उपाय: घरातल्या सगळ्यांची सगळी पासबुके टेबलावर मागा आणि गेल्या सहा महिन्यांत सोसायटी, एजंट किंवा न ओळखणाऱ्या नावाला दर महिन्याला त्याच तारखेला जाणारी ठरावीक रक्कम शोधा.

पिग्मीची वही हा या कर्जांचा खरा ताळेबंद आहे. एका मासळीविक्रेतीची वही कशी वाचायची ते सांगतो. ऑक्टोबर ते मे महिन्याला २५-२६ नोंदी, रोज २०० रुपये. आठवड्याला एक दिवस कोरा, तो सोमवार असेल तर बऱ्याच घरांत मासळी बंद म्हणून विक्री कमी, काळजी नको. शुक्रवार कोरे असतील तर विचारा. जूनमध्ये नोंदी १०-१२ वर येतात आणि रक्कम ५०, हे ठीक. जूनमध्येही रोज २०० च पडत असतील तर पैसे कुणीतरी दुसराच भरतोय. आणि अर्जाच्या आधीच्या तीन आठवड्यांत अचानक रोज ५०० पडायला लागले तर ती वही कर्जासाठी सजवलेली आहे. १८० दिवसांपेक्षा कमी वही असेल तर ५०,००० नव्हे, १५,००० पासून सुरुवात.

धोका असा की वही एजंटाच्या हातात आणि एजंट तीन संस्थांचे काम करतो. त्याला कमिशन ठेवीवर मिळते, कर्ज थकण्याशी त्याचे देणेघेणे नाही. तो सांगेल तिला कर्ज द्यायचे ठरवले की शिफारशीची चिठ्ठी वेगळ्या रंगात आली असे समजा. वहीची झेरॉक्स घ्या, शिफारस घेऊ नका.

आतल्या तालुक्यांचे गणित वेगळे. म्हापसा, पणजी, मडगावच्या बाजारात वर आकडेमोड यांनी सांगितले तसेच होते. सत्तरी, सांगे, धारबांदोड्यात बँका थोड्या, म्हणजे दुसरे कर्ज तुमच्याचकडे राहील. पण तिथे सगळे कर्जदार एकाच गोष्टीवर उभे असण्याचा धोका मोठा. खाणींचे आठवा. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या, २०१८ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीज रद्द केल्या. गावच्या पोराला ट्रक मिळवून देणे हेही तेव्हा सामाजिक कामच मानले जायचे, आणि चार ठिकाणच्या बँका त्याच खाणीवर चालणाऱ्या ट्रकांना कर्जे देत होत्या. ट्रक तारण होता, कागद पक्का होता. खाण थांबल्यावर सगळे ट्रक एकाच महिन्यात विकायला आले, म्हणजे तारणाला गिऱ्हाईकच उरले नाही. त्या मानाने बाजारातल्या ३०० विनातारण कर्जांत पदेर, फुलकार, मासळी, खाद्यपदार्थ असे वेगवेगळे धंदे असतील तर ती जास्त सुरक्षित. एका धंद्यात ४० टक्क्यांवर जाऊ नका.

आकडेमोड
शाखा क्रमांक सात यांच्या ट्रकांच्या मुद्द्याला अनुमोदन. माझ्या ‘शंभरात ४ बुडीत’मध्ये ती चार एकमेकांशी संबंध नसताना बुडतात असे गृहीत आहे. सगळी एका कारणाने बुडणार असतील तर सरासरीला अर्थ नाही.

एक नियमाची बाब कुणी सांगितली नाही. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ३ लाखांपर्यंत आणि कर्ज विनातारण असेल तर तुम्ही त्याला काहीही नाव द्या, रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०२२ पासूनच्या चौकटीत ते मायक्रोफायनान्स कर्जच ठरते, नागरी बँकेलाही. मग घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या ५० टक्क्यांत बसले पाहिजेत. पतसंस्थेचा हप्तासुद्धा त्यात धरायचा, सिबिलमध्ये दिसो न दिसो. आणि मुदतीपूर्व फेडीवर दंड लावता येत नाही.

हे शेवटचे महत्त्वाचे. चांगला कर्जदार समोरच्या बँकेने उचलला तर त्याला दंड लावून अडवायची सोय नाही. थांबवायचे ते सेवेने. दोन गोष्टी चालतात. एक, पहिल्या कर्जाच्या अठराव्या महिन्याला पत्र पाठवा: पुढचे दीड लाख मंजूर आहेत, पहिले संपल्यावर दोन दिवसांत खात्यात. दोन, सगळे हप्ते वेळेवर असतील तर एक टक्का व्याज परत, पण दुसरे कर्ज घेताना. पहिल्या कर्जावर ते साधारण ५०० रुपये होतात. दर १० टक्क्यांवर आणण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त पडते, वर दीड लाखाच्या दुसऱ्या कर्जात व्याज ४,६२५ रुपयांनी घटले होते.

अग्रक्रम क्षेत्राच्या, म्हणजे बँकेला कर्जाचा ठरावीक हिस्सा द्यावाच लागतो त्या गटांच्या, हिशेबातही फायदा आहे. नागरी बँकांचे लक्ष्य ६० टक्के, त्यात सूक्ष्म उद्योग साडेसात आणि दुर्बल घटक १२. बायकांना दिलेली ही छोटी कर्जे दुर्बल घटकांत धरली जातात, आणि बहुधा तिथेच कमी पडते. मंडळात हे सांगा. फंडपेटीवाल्या संचालकांनाही पटेल.

खातेवही
खूपच उपयोगी. दोन शंका. मासेमारी बंदीत हप्त्यांचे काय करायचे? आणि दीड लाखाच्या दुसऱ्या कर्जाला घर तारण घ्यावे का? एका संचालकांचा तसा आग्रह आहे.

शाखा क्रमांक सात
बंदी १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस. ३१ मेचा हप्ता चुकला, जून-जुलैचे आलेच नाहीत, तर ऑगस्टच्या अखेरीस ९० दिवस भरतात आणि खाते एनपीए. माणूस बुडालेला नसतो, कॅलेंडर चुकीचे असते. म्हणून मंजुरीच्या वेळीच हप्ते वर्षाला १० ठेवा, जून आणि जुलै वगळून. दोन वर्षांत २० हप्ते, मुद्दल प्रत्येकी २,५००. या दोन महिन्यांचे व्याजही ऑगस्टपासूनच्या हप्त्यांत देय होईल असे मंजुरीपत्रात लिहा, नाहीतर मुद्दल थांबते पण व्याजाची थकबाकी चालू होते. जूनमध्ये अर्ज आल्यावर ‘ठीक आहे, पुढे ढकलू’ म्हणालात तर ती पुनर्रचना ठरते आणि चांगले खाते खाली घसरते.

ही सवलत फक्त मासळीला. बंदी यांत्रिक बोटींना असते, खाडीची मासळी आणि सुकी मासळी चालू असते, त्यामुळे जूनमध्ये उत्पन्न शून्य नसते. पदेराला जून-जुलै सूट द्यायचे काही कारण नाही, पाव बारा महिने खपतो. किनाऱ्यावरच्या शॅकवर माल देणाऱ्यांचा हंगाम मेअखेर संपतो आणि ऑक्टोबरपर्यंत काही नाही, त्यांना वेगळी आखणी.

आफ्रामेंतु
घराच्या तारणाबद्दल. दीड लाखासाठी नका करू. गोव्यात ते कागदावर दिसते तितके सोपे नाही.

इथे लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता समाईक असते. नुसत्या तिच्या सहीने गहाण टिकत नाही, दोघांची सही हवी. नवरा परदेशात बोटीवर असेल तर मुखत्यारपत्र, त्याची पडताळणी, आणि दोन महिने गेले. घर सासऱ्याच्या नावाचे असेल आणि तो वारलेला असेल तर वारसांची इन्व्हेंटरी (कोर्टातली वाटणी) झालेली नसते. भाऊ, बहिणी, त्यांचे नवरे-बायका, सगळे वाटेकरी. जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर नाव दिसले म्हणजे मालकी सिद्ध झाली असे नाही.

मासळीबाजारातल्या पुष्कळ बायकांचे घर मुंडकाराचे, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर राहणाऱ्याचे, असते. १९७५ च्या कायद्याने बेदखलीपासून संरक्षण आहे, पण मामलेदाराकडे खरेदी पूर्ण झालेली नसेल तर जमीन भाटकाराचीच (मूळ मालकाचीच). खरेदी झाली तरी पंचायत हद्दीत ३०० चौरस मीटर आणि शहरात २०० पर्यंत. आणि समजा सगळे कागद जमले, कर्ज थकले, सरफेसीखाली (तारण ताब्यात घेऊन विकण्याच्या कायद्याखाली) ६० दिवसांची नोटीस दिली. त्या घरात राहणाऱ्या कुटुंबाला दीड लाखासाठी बाहेर काढायचा ठराव कुठले मंडळ करील? शेतजमिनीला तर तो कायदा लागूच नाही. जे तारण विकायचे धाडस होणार नाही ते घेऊ नका, नुसता खर्च होतो.

त्याऐवजी नवरा-बायको दोघांनाही सहकर्जदार करा. आणि बाहेरचा एक जामीनदार, ज्याने याच योजनेत आणखी कुणाचीही हमी घेतलेली नाही. बाजारात एकच वजनदार माणूस आठ जणींचा जामीन असतो, तो जामीन नसल्यातच जमा.

आकडेमोड
मासळीच्या खात्यांसाठी हिशेब नव्याने लावला, कारण मंडळापुढच्या टिपणीत जुना आकडा राहिला तर कुणीतरी नंतर बोट ठेवेल. कर्ज ऑक्टोबरच्या सुरुवातीला दिले आणि २० हप्ते घेतले तर सरासरी बाकी २४,७९२ वर येते, कारण हप्ता मोठा झाला. व्याज ५,९५०, ठेवींचा खर्च ३,२२३. वसुलीखर्च आणि बुडीत तेवढेच धरले तर तोटा ७३५ चा ८७३ होतो. सगळ्याच ३०० खात्यांना ही आखणी लावली असे धरले तरी एकूण २.६२ लाख, आणि शंभरात दहाऐवजी बारा जण परत यावे लागतील. उलट ९० दिवसांच्या सापळ्यातून सुटल्यामुळे बुडीत ४ ची ३ झाली तर तोटा ५७३ वर उतरतो.

वाईट वर्षाचा आकडा मात्र ५.८ चा ६.२२ लाख होतो. म्हणून सभेपुढे निधी ६ चा नको, साडेसहाचा मागा.